वर काय मिळालं?

बाजाराच्या दिवशी आबा दाढी करायचे. एरवी आठवडाभर गालावर पांढरी खुंटं असायची, त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. पण त्या सकाळी ओट्यावर आरसा टेकवून, गाल फुगवून, दोनदा वस्तरा फिरायचा. मग केसांना तेल, मग धुतलेली टोपी. येणारा-जाणारा विचारायचा, "काय आबा, कुठं लग्नाला?"

"लग्नाला कोण एवढं करतंय? मेथी आणायला चाललोय."

आळे गावात, फाट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं घर. त्याच्या मागच्या खोलीत आम्ही भाड्यानं राहायचो. आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे. हे पिकअप चालवायचे, आठवड्यातले चार दिवस बाहेरच. मी कांद्याच्या बराखीत, म्हणजे वखारीत, निवडायला जायची. आबा एकटेच. बायको वारलेली, मुलगा पुण्यात मोठ्या कंपनीत.

आबांचं अंग काडीसारखं. कुस्ती कधी खेळले नाहीत, पण जत्रांच्या आखाड्यात पंच म्हणून सगळ्या तालुक्यात फिरलेले. बेल्ह्यापासून ओतूरपर्यंतचे पैलवान त्यांना वाकून नमस्कार करायचे. पुढं गुडघे गेले, आखाडा सुटला. पंचाची शिट्टी मात्र सदऱ्याच्या खिशात तशीच राहिली. आणि आखाडा सुटला म्हणून कुस्ती थोडीच सुटते? ती त्यांनी बाजारात नेली.

त्यांचा खेळ असा होता. भाव करायचा नाही. विकणारा सांगेल तो भाव एका शब्दात कबूल. "भाव त्याचा. त्यानं राबून आणलंय. आपली कुस्ती भावाच्या वर." म्हणजे माल तोलून पिशवीत पडला की विकणारा आपल्या हातानं जे जास्तीचं टाकतो, दोन मिरच्या, कढीपत्त्याची काडी, एखादं लिंबू, ते मिळवायचं. त्याला आबा म्हणायचे वरचं. आणि ते तोंडानं मागायचं नाही. 'वर काय घालतेस?' असं जो विचारतो तो भिकारी, पैलवान नव्हे. समोरच्याला आपणहून द्यावंसं वाटलं पाहिजे, आणि देताना तो हसला पाहिजे. मग कुस्ती निकाली. नाहीतर बरोबरीत.

पहिली फेरी ते रिकाम्या हातानं मारायचे. कशाला हात लावायचा नाही, नुसतं मैदान बघायचं. कोण आज चिडलंय, कुणाचं लेकरू आजारी आहे, कुणाची अजून भवानी व्हायचीये. भवानी म्हणजे दिवसातली पहिली विक्री. ती झाली नसेल तर त्या पाटीपुढं आबा खेळत नसत. एकदा एका नव्या बाईपुढचा ढीग तसाच पडलेला बघून त्यांनी मोठा भोपळा घेतला आणि एक शब्द न बोलता पुढं निघाले. भोपळा त्यांना अजिबात आवडायचा नाही. तो मलाच चार दिवस करावा लागला.

लेण्याद्रीच्या पायथ्याला चतुर्थीला काकड्या विकणारी एक थोराड बाई आमच्या बाजारालाही यायची. तिची आणि आबांची जुनी खडाखडी.

"आबा, लई दिवस दिसला न्हाई. मला वाटलं गेलं म्हातारं."

"गेलो व्हतो की. पण तिथं काकडी लई म्हाग. म्हनलं आपली बाई बरी, परत आलो."

आजूबाजूच्या पाट्या हसायच्या. ती शिव्या देत देत एक काकडी मोडायची आणि अर्धी त्यांच्या पिशवीत टाकायची. आबा टोपी सरळ करायचे आणि पुढच्या पाटीकडं वळायचे.

एका भाजीवाल्यानं मात्र एकदा कंटाळून कोथिंबिरीची काडी फेकली. "घ्या, आन् जावा एकदाचं." आबांनी काडी उचलली, झटकली, त्याच्या ढिगावर परत ठेवली. "पावणं, ही कुस्ती न्हाई झाली. ही हाकलपट्टी झाली." त्या दिवशी आमटीत कोथिंबीर नव्हती. आबा बिनकोथिंबिरीची आमटी मोठ्या ऐटीत जेवले.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि या मुलखात येऊन पडले. मला बाजाराचं भ्याव वाटायचं. बोटानं दाखवायचं, देतील ते घ्यायचं, किडकं निघालं तर घरी येऊन गपचूप फेकायचं. तोंड उघडलं की माझी बोली ऐकून बायका एकमेकींकडं बघायच्या, म्हणून तोंडच उघडायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

एकदा आबांनी माझी पिशवी बघितली. वांगी सगळी किडकी.

"पोरी, तू ही निवडून आनली?"

"त्यांनी दिली."

"तू कांदा निवडतीस ना बराखीत? तिथं सडका कांदा हाताला लागला तर काय करतीस?"

"बाजूला टाकते."

"मग हितं तुझं हात कुठं जात्यात?"

पुढच्या बाजाराला त्यांनी मला बरोबर नेलं, आल्याच्या पाटीपासून लांब उभे राहिले आणि म्हणाले, "आज तुझी सलामीची कुस्ती. आलं आन. मी हितं हाय, पन मधी पडनार न्हाई. पंच मधी पडत न्हाई."

आलंवाला म्हणाला, "बोला ताई." मला काही सुचेना. शेवटी जे दिसत होतं तेच तोंडातून निघालं, "काहून इतकी माती हो याला?"

"काहून?" तो हसायला लागला. "कुठल्या म्हनायच्या तुमी?"

"हिंगोलीच्या."

"तिकडं आल्याला माती नसती व्हय?"

"असते. पण आमच्याकडं ती वजनात नाही धरत."

हे मी कुठून आणलं ते मला आजही ठाऊक नाही. शेजारचा लसूणवाला फुटला. आलंवाल्यानं माती झटकून आलं तोललं, पिशवीत टाकलं, आणि वर एक चांगलं जाड बोट माझ्या हातावर ठेवलं. "हे हिंगोलीला."

आबांपुढं जाऊन मी मूठ उघडली. त्यांनी खिशातली शिट्टी काढली आणि भर बाजारात अशी वाजवली की एक बैल बिचकला. माझा हात धरून वर केला. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. पण तो हात खाली आला तेव्हा तो पहिला हात राहिला नव्हता, एवढं खरं.

आता आमच्या ह्यांचं काम वापीकडं आहे. इथं भाजीवालीशी मोडक्या हिंदीत बोलावं लागतं, आणि ती गुजरातीत उत्तर देते. दोघींनाही एकमेकींचं निम्मं कळत नाही. तरी माझ्या पिशवीत मिरच्या वरच्या येतात. आबा आता नाहीत. पण घरी पिशवी टेकवली की दारातून त्यांचा आवाज आल्यासारखं होतं. पिशवीत काय आणलं हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही. विचारायचे एवढंच, "वर काय मिळालं?"

आबा नेहमी जिंकायचे असं नव्हे. उन्हाळ्यात एकदा ते एसटीनं घोडेगावच्या बाजाराला जायचे. त्याला म्हणायचे परगावचं मैदान. तिथं एका वर्षी आहुप्याकडनं डोंगर उतरून आलेली एक बाई पानाच्या द्रोणात करवंदं विकत होती. आबांनी भाव कबूल केला, डाव टाकायला सुरुवात केली. गोड बोलून झालं, वाकडं बोलून झालं. बाई ढिम्म. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, मघाधरनं वळखलंय मी तुमाला काय पायजे ते. पन आमी डोंगर तुडवत आलोय, तुमी यष्टीतनं. आधी तुमी वर काय देता ते बोला."

आबा सांगायचे, "लई वर्सं पंच व्हतो. असा डाव न्हाई बघितला." त्यांनी हातातली छत्री तिला दिली आणि उन्हातनं रापून, लाल तोंडानं घरी आले. ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "चितपट. दोनी खांदं टेकलं." आणि करवंदं खात इतके हसले की मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं.

पुढं फाट्यावर मोठं मार्ट झालं. गार हवा, चकचकीत फरशी, ढकलायच्या गाड्या. मुलगा सुट्टीला आला होता, तो आम्हाला दोघांनाही घेऊन गेला. आबा दाढी करून आले. पहिली फेरी रिकाम्या हातानं मारली. मग एक अंगाचा साबण घेऊन गल्ल्यावर उभे राहिले.

"काका, ह्याच्यावर एक फ्री आहे. अजून एक आणा," गल्ल्यावरची मुलगी म्हणाली.

"कुनी दिला?"

"कंपनीची स्कीम आहे."

"कंपनी वळखती का मला?"

"नाही."

"मी तुझ्याशी काय बोललो का? हसवलं का तुला?"

"नाही काका."

"मग हा मी जिकलेला न्हाई. एकच दे."

"एक नाही होत काका. सिस्टीम दोनच घेते."

"मग दुसऱ्यानं सिस्टीमला आंगूळ घाल."

मागं रांग लागली होती. मुलगा हळूच म्हणाला, "आबा, घ्या ना, लोक बघतायत." आबा म्हणाले, "बघू दे. आखाडा बघायलाच असतो." वरिष्ठ म्हणून टाय लावलेला एक पोरगेला माणूस आला, त्यानं संगणकात काहीतरी बडवलं, आणि दोन साबण पिशवीत घालून हात जोडले. आबांनी एक काढून गल्ल्यावर ठेवला आणि बाहेर पडले. दारावरचा वॉचमन तो घेऊन पळत आला. "बाबा, तुमचं राहिलं."

"तुला घे. तू पळत आलास. हे तुझं वरचं."

वॉचमन हसला. आबा खूश झाले. पण गाडीत बसल्यावर म्हणाले, "त्या पोरीच्या मागं सगळं दुकान भरलंय. पन तिच्या सवताच्या हातात कुनाला द्यायला एक मिरची न्हाई. लई वंगाळ."

मुलगा वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. बापाची काळजी करायचा. पण बाप लिंबा-मिरचीसाठी बाजारात तमाशा करतो याची त्याला लाज वाटायची. त्यातच एका बाजारी गर्दीत घुसलेल्या मोटरसायकलीचा दांडा लागून आबा पडले. हाड मोडलं नाही, पण कंबर धरली. मुलगा धावत आला. आबांच्या फोनमध्ये मार्टवाल्यांचं काहीतरी घातलं, पुठ्ठ्याच्या खोक्यातून भाजी घरी यायला लागली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, त्यांना बाजारात जाऊ द्यायचं नाही. थोडं बरं वाटलं की पुण्यालाच नेतो कायमचं. हे घर मग सगळंच भाड्यानं द्यावं लागेल, मागच्या खोलीसकट. तुम्हाला घाई नाही, पण बघून ठेवा."

मी मान हलवली. या गावात दुसरी खोली मिळाली असती, दुसरे आबा मिळाले नसते.

आबांनी खोक्यातल्या भाजीला हात लावला नाही. "जी भाजी मला 'म्हाताऱ्या' म्हनत न्हाई, ती मी गिळत न्हाई," म्हणाले, आणि पिठल्यावर दिवस काढले. मुलगा समजावून थकला. शेवटी एका बाजाराच्या दिवशी आबा काठी टेकत ओट्यावर येऊन बसले. दाढी केलेली.

"एक कुस्ती खेळू," ते मुलाला म्हणाले. "तू बाजारात जा. भाव सांगतील तो दे. मागू नको. एक जरी वरचं तुझं सवताचं आनलंस, तर मी आज तुझ्या गाडीत बसतो. न्हाई आनलंस, तर पुनं आन् खोकी, दोनीचं नाव काढायचं न्हाई."

"आबा, मी रोज मोठमोठ्या लोकांशी सौदे करतो."

"मग मिरची काय अवघड?"

"आणि ठरवणार कोण? तुम्हीच?"

आबांनी खिशातून शिट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "आबा, मला नका यात घालू. माझीच खोली जायचीये."

"म्हनून तर तुला. पंचाला गाव नसतं, पाव्हना नसतो, घर बी नसतं. शिट्टी हातात आली की सगळं सुटलं. बस हितं."

मुलगा गेला. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं तरी आला नाही. आला तेव्हा चेहरा वेगळाच होता, आणि पिशवी फुगलेली. ओट्यावर घोंगडी अंथरली होती, तिच्यावर त्यानं सगळं ओतलं. कोथिंबीर, मिरच्या, कढीपत्ता, भुईमुगाच्या शेंगा, आल्याचं बोट, अर्धी मोडलेली काकडी.

"बघा. सगळं वरचं. एकही मागितलं नाही."

आबा घोंगडीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. पंचाला कुणी काही सांगायचं नसतं.

मी काकडी उचलली. "ही देताना बाई काय म्हणाली?"

"म्हणाली, तू आबाचा ना? नाक तेच हाय. म्हातारं बरं हाय का? हे त्याला दे, आन् सांग, तिकडं परत गेला तर काकडी मिळायची न्हाई."

आबांच्या घशातून काहीतरी आवाज निघाला.

"आणि हे आलं?"

"तो म्हणाला, आबा न्हाईत तर बाजार अळणी लागतोय." मुलाचा आवाज जरा खाली आला. "शेंगावाल्यानं हातच धरून ठेवला. कोण पडलं, कसं पडलं, डॉक्टर काय म्हणाला. सगळं विचारल्याशिवाय सोडेना."

मी एकेक वस्तू उचलून आबांच्या बाजूला ठेवत गेले. घोंगडीची त्याच्याकडची बाजू रिकामी झाली. मी म्हटलं, "दादा, हे तुमचं नाही. हे आबांना दिलेलं आहे. तुम्ही नुसतं वाहून आणलं."

तो हसला, पण चांगलं नाही. "ताई, खोली जाईल म्हणून तुम्ही असं म्हणणारच."

शिट्टी मी घट्ट धरली. मी म्हटलं, "खोली जाऊ द्या. उद्या सामान बांधते, दुसरीकडं बघते. तरी हे तुमचं होत नाही. दुसरा पंच आणा आणि विचारा."

रस्त्यावरून बाजारकरी परतत होते, त्यातले दोघे-तिघे कुंपणाला उभे राहिले. मुलानं मान खाली घातली आणि नकळत त्याचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. खिसा फुगलेला होता. आत काहीतरी गोल होतं. मी बघितलं, आणि मी बघितलेलं त्यानं बघितलं.

मी विचारलं, "मांडायचं ते सगळं मांडलंत का?"

तो बापाकडं बघत राहिला. आबा काकडीचा तो अर्धा तुकडा हातात घेऊन उलटासुलटा करत होते.

"सगळं मांडलं," तो म्हणाला.

पंचानं घोंगडीवरचं बघायचं. मी शिट्टी वाजवली. आबांचा हात धरून वर केला. हलका होता, काटकीसारखा. कुंपणापलीकडून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मुलगा निघाला तेव्हा गाडीपर्यंत मी गेले. दार उघडून त्यानं खिशातून एक पिवळंधमक लिंबू काढलं आणि समोर काचेपाशी ठेवलं.

"एका बाईला पाटी उचलायला जड जात होती. डोक्यावर चढवून दिली," तो म्हणाला. "आबांना ओळखत नव्हती ती. मला पण नाही. पुढं गेलो तर हाक मारून हे दिलं. हसत."

"मग घोंगडीवर का नाही मांडलं? तुमची कुस्ती झाली होती."

"पंच, निकाल लागलाय," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

मी परत आले तर आबा शेंगा फोडत बसले होते. ते मार्टचं खोकं त्यांनी टरफलं टाकायला पुढं ओढलं होतं. मी शिट्टी त्यांच्यापुढं ठेवली.

"निकाल बराबर दिलास," ते म्हणाले. मग एक टरफल खोक्यात टाकून, "पोराच्या खिशात लिंबू व्हतं."

मी दचकले. "तुम्ही बघितलं?"

"वास आला. पंचाचं नाक हाय."

"मग बोलला का नाही? तुम्हीच हरला होता की."

आबांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर टाकले.

"मी मागितलं का?" ते म्हणाले. "त्यानं आपनहून दिलं. मग घेतलं."